दिव्याचा गुण

उदासी हटेना, तेव्हा डॉक्टरांनी घड्याळजींना रोज सकाळी प्रखर दिव्यासमोर बसायला सांगितलं. त्यांच्या बायकोला मात्र बाजूला घेऊन बजावलं, "झोप उडाली, तोंडाला खळ राहिली नाही, तर दिवा बंद करायचा आणि तडक मला फोन करायचा. दिरंगाई केलीत तर प्रकरण हाताबाहेर जाईल."

दिवा सुरू झाला, आणि वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या माणसाच्या डोळ्याला परवापासून डोळा लागला नव्हता. घरातली घड्याळं खोलून झाली, मिक्सर झाला, आणि आता अखंड बडबडत तो प्लग न काढताच फ्रिज खोलायला बसला होता.

बायकोने धावत जाऊन प्लग उपटला, दिवा बंद केला आणि फोन लावला.

"बोला, काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

तेवढ्यात मागून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, किती वाळलीस तू! बस जरा, चहा मी टाकतो."



"छे हो डॉक्टर, अगदी गाढ झोपतात," ती म्हणाली, आणि तिने दिवा परत लावला.