गोल कोपरे

“वर्षभर खपलात, पण लोकांना नवीन दिसणार काय?” आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नवं व्हर्जन घातलेला फोन उलटसुलट करत साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं.

“काहीच नाही,” मी म्हणाले. “जुन्या व्हर्जनमधल्या एका फटीतून कुणीही परका लॉक केलेल्या फोनचा माइक चालू करू शकतो. ती फट आम्ही बुजवलीय. हे व्हर्जन आजच सगळ्यांच्या फोनवर पाठवू या.”

“नुसती फट बुजवून नवं व्हर्जन होतं का, मॅडम? चिन्हांचे कोपरे गोल करा, रंग बदला. दिवाळीला वाजतगाजत काढू.”

“दिवाळीला तीन महिने आहेत. तोवर फट उघडीच ठेवायची?”

“सगळ्यांशी बोलूनच ठरवू ना!”

मी लॅपटॉपवर एक बटण दाबलं. साहेबांच्या खिशातला फोन जुन्याच व्हर्जनवर होता. खोलीत त्यांचाच, मघाशी लिफ्टमध्ये त्याच फोनच्या माइकने टिपलेला आवाज घुमला, “बाईंना बोलू दे दहा मिनिटं. दिवाळीची तारीख मी कालच देऊन टाकलीय.”

साहेबांचा हात खिशाकडे गेला. पाठोपाठ सगळ्यांचेच गेले.

“मला कामावरून काढायचं तर खुशाल काढा,” मी म्हणाले. “पण आधी सांगा, हे आत्ता पाठवू, की कोपरे गोल करत बसू?”