पाचर

कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये अण्णांचा उजवा पंजा चिरडला. त्यांच्याच मशीनवर नवा ऑपरेटर आयता बसला. तेव्हापासून त्याची दहा बोटं अण्णांच्या डोळ्यांत खुपायची. बायकोनं शर्टाची बटणं लावली की मनात यायचं, त्याचंही एखादं बोट जावं. भरपाईच्या सुनावणीत मालकाचा वकील म्हणाला, “दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येते. यांनी एकात पाचर ठोकून हात मोकळा ठेवला. चूक यांचीच.” साक्षीला नवा ऑपरेटर आला तसा अण्णांचा तिळपापड झाला. त्यानं तसलीच पाचर टेबलावर ठेवली. “सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी दिली. माल भराभर निघतो म्हणाला.” भरपाई मंजूर झाली. ऑपरेटरनं पाचरीकडे हात नेला. “दुपारची पाळी आहे, अण्णा.” ती बोटं अजूनही खुपतच होती. अण्णांनी पाचर डाव्या मुठीत आवळली. “दोन्ही हातांनी दाब, गाढवा.”