शेवटचं बाक

"तुमचं मागणं काय?" अध्यक्षांनी विचारलं. बारक्याची आई विधिमंडळाच्या समितीपुढे उभी राहून एवढंच म्हणाली, "शाळेच्या बसला कुलूप लावण्याआधी कुणीतरी शेवटच्या बाकापर्यंत चालत जावं. माझा लेक तिथंच झोपला होता. संध्याकाळी कुलूप उघडलं, तेव्हा तो उठलाच नाही."

मग विधेयक निघालं. एका समितीने त्याला कात्री लावली, दुसरीने दुरुस्त्या जोडल्या, वरच्या सभागृहाने ते पुन्हा खाली धाडलं. "सरकारी काम अन् सहा महिने थांब," नवरा म्हणायचा. पुढे पुढे तो तेही म्हणेनासा झाला.

आज शाळेच्या फाटकाशी बस रिकामी झाली, पण ड्रायव्हर उतरला नाही. उठून मागे गेला, प्रत्येक बाकाखाली वाकून बघत, पार टोकापर्यंत.

"काही हरवलंय का, दादा?" फाटकाशी उभ्या बारक्याच्या आईने खिडकीतून आत बघत विचारलं.

"नाही हो ताई. नवा कायदा आलाय. आजपासून सगळ्यांनाच असं बघावं लागतं."

ती फाटकाला धरून उभी राहिली. मागोमाग बसगाड्या येऊन थांबत होत्या, आणि प्रत्येकीत एक अनोळखी माणूस तिच्या बारक्याला शोधायला शेवटच्या बाकापर्यंत चालत जात होता.