सात मिनिटं मागे

"सात मिनिटं! ड्वेन, हे सात मिनिटं मागे आहे!"

मार्लिसनं बापाचं रक्तातली साखर मोजायचं यंत्र टेबलावर आपटलं. कॉफी बशांमध्ये सांडली. एप्रिलचा बर्फ उकरून म्हाताऱ्या बापाला, आइनोला, मातीआड करून तासही झाला नव्हता. चर्चच्या बायकांनी पाठवलेला ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश तसाच झाकलेला होता.

"मग?" थोरला भाऊ म्हणाला. "स्वस्तातलं यंत्र. जाणारच मागे."

"मला शिकवू नकोस!"

आणि खरंच, तिला कोण काय शिकवणार? दूर फिनिक्सच्या कारखान्यात वीस वर्षं अशीच यंत्रं तपासणं हाच तिचा उद्योग. अशा यंत्राच्या पोटात घड्याळाची चिप असते. तिच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा, क्वार्ट्झ स्फटिकाचा चिमटा. यंत्र बंद असलं तरी बटणाएवढ्या सेलच्या जिवावर तो थरथरत राहतो, आणि ती थरथर मोजून चिप वेळ सांभाळते. खोलीतल्या उबेत तो नेमका चालतो. गारठ्यात मंदावतो. या यंत्रातला चिमटा मार्लिसनं स्वतः तपासला होता. ऑक्टोबरात वेळ लावून तिनंच ते बापाच्या हातात दिलं होतं. "पा, हे कायम खिशात ठेव," असं दहादा बजावूनही झालं होतं.

म्हणजे सगळा हिवाळा हे यंत्र पाणी गोठेल अशा जागी होतं. आणि ज्याच्या खिशात यंत्र, तो बापही तिथेच. मिनेसोटाचं हे उत्तर टोक. ड्वेननं बापाला घरामागच्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या खोलीत ठेवलेलं. वर हीटरचा गॅस महागला, गॅस महागला म्हणून सतत रड.

"हीटर बंद ठेवायचास ना? अरे, जन्मदाता बाप तो आपला! गारठवून मारलास त्याला!" तिनं फोन उचलला. "थांब, शेरिफलाच बोलावते."

ड्वेनचा चेहरा पांढराफटक पडला. त्याची बायको शेरिल मात्र उसळली. "तोंड सांभाळ, मार्लिस! त्या ट्रेलरमध्ये पाऊल टाकलं की घाम फुटायचा आम्हाला. जानेवारीत बनियनवर बसायचा म्हातारा!"

"घड्याळ खोटं बोलत नाही!"

"तू नुसतं घड्याळच बघितलंस?" ड्वेननं विचारलं. "आत काय काय मोजलंय ते बघ की."

मार्लिसनं बटण दाबलं. ऑक्टोबरातली एक नोंद आली. तिनंच बापाचं बोट टोचून घेतलेली. पुढे काही नाही. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तीच.

"तू विमानात बसलीस आणि त्यानं ते मासेमारीच्या खोपटात नेऊन टाकलं," ड्वेन म्हणाला. "सगळा हिवाळा तिथल्या गारठ्यात गळाच्या डब्यात पडून होतं. सकाळी तू मागितलंस म्हणून आणलं. त्याची साखर दवाखान्यातली नर्स घरी येऊन बघायची. चांगली होती. हृदयानं दगा दिला, डॉक्टरनं तुलाही सांगितलंय."

"पण दर रविवारी फोनवर मला आकडा सांगायचा तो! कुठून आणायचा?"

"कॅलेंडरवरून."

"काय?"

"तारखेत शंभर मिळवायचा. तीन तारखेला एकशेतीन. दहाला एकशेदहा. सतराला एकशेसतरा. तू 'छान, पा' म्हणायचीस आणि ठेवायचीस फोन."

मार्लिसनं फोन खाली ठेवला. सगळे रविवार तिच्या डोळ्यांपुढे आले. दर आठवड्याला सात वाढायचे, पहिली तारीख आली की पुन्हा खाली. शेंबडं पोरही ओळखेल असा हिशेब. तिला एकदाही कळला नव्हता.

"मी म्हणायचो त्याला, पा, कशाला फसवतोस पोरीला? तर हसायचा." ड्वेन म्हणाला. "म्हणायचा, आपली मार्ली वेळेच्या बाबतीत लई पक्की. एखाद्या रविवारी पकडेलच मला. आणि एकदा का पकडलं, की भांडायला का होईना, धावत येईल इथे."