फुलटॉस

२०२० साली लॉकडाऊनमुळे आम्ही दोघं नेदरलँड्समध्ये आल्मेरेला लेकीकडे अडकलो, तेव्हा संहिता म्हणाली, "मला योरिसशी लग्न करायचंय. बेसबॉलचा पिचर आहे, म्हणजे बॉलरच."

ह्यांनी त्याच्या मॅचचे व्हिडिओ पाहिले. "अगं, हा तर प्रत्येक चेंडू फुलटॉस टाकतोय!"

"बाबा, बेसबॉलमध्ये टप्पा नसतोच!"

"असल्याला मुलगी द्यायची? आधी मी त्याला खेळून बघतो."

बागेत योरिसने चेंडू टाकला, ह्यांनी डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू थेट कालव्यात! "सिक्सर! प्रोफेशनल बॉलरला सिक्सर! पोरी, खुशाल कर लग्न!" हे नाचतच सुटले.

&nbsp;

योरिस आता लहान मुलांना पिचिंग शिकवतो, संहिताची लेक शाळेत जायला लागली, आणि तो चेंडू त्याने मुद्दाम हळू टाकला होता, हे ह्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.