सरकार रूबेनला, गटारं शांतवनला

देशासाठी प्रार्थनेचा दिवस होता. उरण, जासई, सुकापूर, सगळीकडच्या ख्रिस्ती मंडळ्या पनवेलच्या एका शाळेच्या हॉलमध्ये जमल्या होत्या आणि पाळकसाहेब प्रार्थनेचे विषय वाटत होते.

"रूबेनराव, दिल्लीचं सरकार तुमच्याकडे. शांतवनराव, तुम्ही पनवेलची गटारं घ्या."

शांतवनचा जळफळाट झाला. "दरवर्षी सरकार यालाच कसं मिळतं?"

"अहो, गटारंही देशातच येतात!" पाळकसाहेब म्हणाले, आणि बायकांच्या बाजूला खसखस पिकली.

रूबेनने माइक धरला. "हे प्रभू, हे सरकार पाच वर्षं टिकू दे!" आवाज असा काही लावला की म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावले. शांतवननेही डोळे मिटले, हात जोडले आणि अगदी मनापासून पुटपुटला, "देवा, ह्याचं काही ऐकू नकोस."

बुधवारी सरकार पडलं.

रविवारी चर्च सुटल्यावर रूबेनभोवती ही गर्दी! "बाबा रे, तुझ्या प्रार्थनेत ताकद आहे, उलटी का होईना!" शेजारच्या गावातला एक हरलेला उमेदवार तर त्याचा हातच सोडेना. "रूबेनभाऊ, आमच्या सरपंचाची खुर्चीपण टिकू दे म्हणा ना एकदा!"

 

उभ्या जन्मात देवाने शांतवनची एकच प्रार्थना ऐकली होती, आणि नाव झालं ते रूबेनचं.