नदीनंतरचा स्वल्पविराम

पॅरिसमधल्या एका डाव्या साप्ताहिकात सोलांज काबानेल पुस्तकांवर लिहायची. राजेशाहीचे कट्टर समर्थक असलेले वयोवृद्ध कादंबरीकार रोशब्रून यांच्या नव्या कादंबरीची तिनं अक्षरशः सालटी काढली.

परीक्षण छापून आलं त्या शुक्रवारी ती कॅफेत बसली असताना रोशब्रून स्वतःच अंक घेऊन तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, माझे विचार कुजके आहेत असं तुम्ही लिहिलंत. लिहा, मीही तुमच्याबद्दल तेच म्हणतो. पण माझं वाक्य उतरवताना तुम्ही स्वल्पविराम गाळलात. लंगडं झालं हो ते!"

सोलांजनं अंक ओढून घेतला, वाचला आणि तिचा चेहराच पडला. "अरे देवा! 'नदी'नंतरचा. त्याच्यावाचून सगळी लयच गेली की!"

पुढच्या अंकात तिनं दोन ओळी छापल्या: 'कादंबरीबद्दलचं मत कायम आहे. स्वल्पविरामाबद्दल क्षमस्व.' तेव्हापासून दर शुक्रवारी दोघं एकाच टेबलावर जेवायचे आणि कॉफी येईपर्यंत कडाकडा भांडायचे.

ही गोष्ट संपादक बोनवाल यांच्या कानावर गेली. त्यांनी तिला बोलावून घेतलं. "काय गं, त्या म्हाताऱ्याला फितूर झालीस? उद्या क्रांती झाली तर त्याचं काय करायचं?"

"तुरुंगातच टाकायचं," सोलांज म्हणाली. "कागद भरपूर द्यायचा, आणि पुढची कादंबरी पूर्ण झाल्याशिवाय अजिबात सोडायचं नाही."